रंगाच्या आधी ओल शोधा

कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर, दारात आला त्याच रात्री मी वॉलपेपरचे तीन रोल मागवले. फिकट हिरव्यावर पांढरी पानं, फार देखणा. ते रोल आजही जवळजवळ तसेच बेसमेंटमध्ये पडून आहेत. कारण दुसऱ्या दिवशी पलंगाकडची भिंत पुसताना खिडकीखाली माझा अंगठा सरळ आत गेला. जोर लावला नव्हता, नुसता टेकवला होता. आतलं प्लायवुड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं, आणि वरचा छापील थर मात्र कोरा करकरीत.

तेव्हा जुना कॅम्पर घेऊन तो आतून नवा करायचा बेत असेल, तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी अंगठा वापरा.

आमचा कॅम्पर २००४ सालचा, १७ फुटी, बाहेरून पन्हाळीदार ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. आम्ही अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. इथे कॅम्परचा हंगाम जेमतेम मे ते ऑक्टोबर. उरलेले सहा महिने तो ड्राइव्हवेत बर्फ अंगावर घेऊन उभा. आतून तो कसा होता म्हणाल, तर गुळाच्या काकवीच्या रंगाचं खोटं लाकूड, वाइनच्या रंगाच्या गाद्या, आणि छताखालून चारी बाजूंनी फिरणारी बदकांची पट्टी. प्रत्येक बदकाच्या गळ्यात निळी रिबिन. लेकीने त्यांना नावं ठेवायला सुरुवात केली तेव्हाच मी ठरवलं की ही बदकं जाणार.

मी मिरजेच्या ज्या घरात वाढले तिथे दिवाळीच्या आधी चुन्यात नीळ कालवून भिंतींना दोन हात दिले की झालं. हातभर जाडीची भिंत, काय वाट्टेल ते पोटात घालायची. कॅम्परच्या भिंतीला पोटच नाही. बाहेर पत्रा, त्यामागे दीड-दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पट्ट्यांमधल्या जागेत फायबरग्लासची लोकर आणि आतून जेमतेम तीन मिलिमीटरचं प्लायवुड. इथे त्याला लुआन म्हणतात. त्याच्यावर लाकडाचं नाहीतर फुलांचं चित्र छापलेला पातळ विनाइलचा थर. तुकडे एकमेकांना भिडवून स्टेपलच्या पिनांनी ठोकायचे आणि सांध्यावर एक पट्टी मारायची, की भिंत तयार. ही भिंत हायवेवर ताशी साठ मैलांनी थरथरत जाते, जानेवारीत गोठते, जुलैत भाजते. घराच्या भिंतीला जे चालतं त्यातलं निम्मं हिला का चालत नाही, ते यातच आलं.

दुसऱ्या जातीचे कॅम्पर बाहेरून गुळगुळीत फायबरग्लासचे असतात, त्यांच्या भिंतीत फोम चिकटवून एकसंध तक्ता केलेला असतो. तुमचा तसा असेल आणि बाहेरून फुगवटा दिसत असेल, तर ती दुरुस्ती वेगळी आणि महाग. खाली दुरुस्तीचं जे सांगते ते पत्र्याच्या कॅम्परचं.

पाणी कुठून येतं

भिंतीत पाणी जिथे दिसतं तिथूनच ते आत आलेलं असेल असं नाही. आमच्याकडे अंगठा गेला खिडकीखाली, म्हणून आम्ही खिडकीला दोष दिला. नवऱ्याने खिडकी काढून, साफ करून, परत बसवली. आठवड्याने पाऊस झाला आणि तीच जागा पुन्हा ओली. खरी वाट निघाली बाहेरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात असलेल्या छोट्या पिवळ्या दिव्यातून, खिडकीपासून चार फुटांवर. दिव्याखालचं सील वाळून भेगाळलं होतं. पाणी तिथून आत शिरून आडव्या पट्टीवरून चालत यायचं आणि खिडकीपाशी खाली उतरायचं.

आता पद्धत सांगते. आधी कोरड्या दिवशी आतून सगळ्या भिंती अंगठ्याने दाबत जायचं. खिडक्यांखाली, चारही कोपऱ्यांत, छत जिथे भिंतीला मिळतं तिथे, आणि कपाटांच्या आत. कपाटं विसरू नका, कारण आधीच्या मालकाने बाहेरचा भाग सजवलेला असतो, आतला नाही. नाकही वापरा. बंद कपाट उघडल्यावर भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर तिथे काहीतरी आहे. तीसेक डॉलरला दोन टोकांचा ओल मोजायचा मीटर मिळतो. आधी खात्रीच्या कोरड्या जागी टोचून आकडा बघा, मग संशयाच्या जागी. लाकडात २० टक्क्यांच्या वर गेला तर ओल आहे असं धरून चाला.

मग पाइप. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बागेच्या पाइपाने पाणी सोडायचं. फवारा नको, नुसती धार. आणि खालून वर जायचं. आम्ही वरून सुरुवात केली आणि एक अख्खा शनिवार घालवला. वरून सोडलेलं पाणी खालच्या सगळ्या फटींवरून जातं, मग कुठली फट गळते ते कळत नाही. प्रत्येक टप्प्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, पाण्याला आत यायला वेळ लागतो. आत बसलेल्या माणसाला मोबाइल देऊ नका, हे माझ्या लेकीच्या अनुभवावरून सांगते.

सील करताना एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. सिलिकॉन नको. आधीच्या मालकाने जिथे फट दिसली तिथे सिलिकॉन थापलं होतं. ते काही दिवस टिकतं, मग कडेने सुटतं, आणि त्याचा जो अंश मागे राहतो त्यावर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ते खरवडण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. दिवे, खिडक्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या यांच्यामागे ब्यूटाइल टेप लावतात. ती राखाडी, च्युइंगगमसारखी चिकट पट्टी असते. स्क्रू आवळल्यावर कडेने थोडी बाहेर येते, ती दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पातीने कापून टाकायची. छतावरच्या आडव्या सांध्यांना आपोआप पसरणारं सीलंट मिळतं. छत रबराचं असेल तर त्याच्याशी जुळणारंच घ्या, नळीवर लिहिलेलं असतं.

हे झाल्यावर लगेच भिंत बंद करू नका. आम्ही फाडलेली भिंत तशीच ठेवून दोन आठवडे पंखा आणि ओल शोषणारं यंत्र चालवलं, मधे दोन पाऊस होऊ दिले, आणि मीटरचा आकडा बाकीच्या भिंतीइतका आल्यावरच पुढे गेलो.

भिंत फाडणे आणि भरणे

भिंत कापण्याआधी कॅम्परचा विजेचा प्लग काढायचा, बॅटरीची तार सोडायची, प्रोपेनच्या, म्हणजे स्टोव्हच्या गॅसच्या, टाक्यांचे नळ बंद करायचे. तिन्ही गोष्टी. भिंतीत बारा व्होल्टच्या तारा आणि घरगुती १२० व्होल्टच्या तारा दोन्ही असतात आणि त्या कुठल्या नळीत वगैरे नसतात, लोकरीतून मोकळ्या जातात. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. बुरशी आणि फायबरग्लास, दोन्ही श्वासात जाऊ द्यायच्या गोष्टी नाहीत.

सांध्यावरची पट्टी पातळ पटाशीने हळूच उचकटा. तुटली नाही तर तीच परत वापरता येते. मग सडलेल्या भागाभोवती चौकोन आखा, तोसुद्धा लाकडी पट्टीच्या मध्यापर्यंत, म्हणजे नव्या तुकड्याची कड कशावर तरी टेकेल. पट्टी कुठे आहे ते कळायला फ्रिजवरचं छोटं चुंबक भिंतीवरून फिरवा, पिना असतील तिथे ते चिकटतं. कापताना पातं तीन मिलिमीटरच आत जाईल असं बघा.

आमच्या भिंतीतून ओल्या लोकरीबरोबर सूर्यफुलाच्या बियांची दोन मुठी टरफलं आणि एक रिकामं घरटं निघालं. उंदीर. मिशिगनच्या थंडीत त्यांना आमच्यापेक्षा चांगली जागा मिळाली होती. भिजलेली लोकर वाळवून परत भरू नका, टाकून द्या. लाकडाच्या पट्ट्या टोच्याने टोचून बघा. टोच्या सहज घुसला तर तेवढा भाग कापून त्याच्या शेजारी नवी पट्टी गोंद आणि स्क्रूने जोडायची. खणखणीत असेल तर उगाच काढू नका.

नवं प्लायवुड जुन्याच जाडीचं हवं. साध्या दुकानात सहसा पाच मिलिमीटरचं मिळतं. ते लावलं तर कडेला पायरी होते आणि सांध्याची पट्टी नीट बसत नाही. पातळ प्लायवुडसाठी आम्ही शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला गेलो, आमच्यापासून अडीच-तीन तास. अमेरिकेतला कॅम्परचा धंदा मुख्यतः त्या गावाभोवती एकवटला आहे. तिथे या गाड्यांचं संग्रहालयही आहे, आणि कारखान्यांतून उरलेला माल विकणारी दुकानं आसपास आहेत. प्लायवुड, पट्ट्या, कपाटांची दारं, सगळं. नवरा त्या दुकानात दोन तास हरवला होता. मी त्याला तुळशीबागेत सोडल्यावर माझं काय होतं याची आठवण करून दिली.

प्लायवुडवर टीएससीए टायटल सिक्सचा शिक्का आहे का ते पाहा. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने राहायला जे ट्रेलर दिले, त्यांच्या लाकडी तक्त्यांतून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडून लोकांना त्रास झाला होता. २०१० मध्ये त्यावर कायदा आला, हा शिक्का त्याचाच. १७ फुटांच्या बंद डब्यात आपण आठ तास झोपणार असतो, तिथे हे बघायलाच हवं.

कापायच्या आधी कागदावर बेता. मी ब्लाउज बेतते तसाच तपकिरी कागद भोकावर धरून, बोटाने कडा दाबून, खुणा करून बेतला. कॅम्परमध्ये एकही कोपरा काटकोनात नसतो. टेपने मोजून कापलेला नवऱ्याचा पहिला तुकडा पाव इंचाने चुकला, माझा कागदी बेतावरचा तुकडा पहिल्याच फटक्यात बसला. हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते. तुकडा बसवताना मागून गोंद लावा, कडेला छोट्या पिना ठोका, आणि फटी लवचिक, रंग धरणाऱ्या ॲक्रिलिक कॉकने, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाने, भरा. घराच्या भिंतीला भरतो ती लांबी, म्हणजे पुट्टी, इथे भरू नका. पहिल्याच प्रवासात तिला तडे जातात.

वजनाचा जमाखर्च

मैत्रिणी विचारतात, आतून छान टाइल्स का नाही लावल्या? वजन. कॅम्परच्या बाहेर, डाव्या बाजूला पुढच्या भागात एक पट्टी असते, तिच्यावर भरलेल्या कॅम्परचं कमाल वजन लिहिलेलं असतं. आत घातलेली प्रत्येक गोष्ट त्या आकड्यातून वजा होते. पाणी, भांडी, गॅस आणि माणसांची हौस, सगळं. शिवाय ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. तो कमी पडला, म्हणजे मागे वजन जास्त झालं, तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो. सगळी नवी कपाटं हौसेने मागच्या भिंतीला लावू नयेत ती यासाठी.

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे मी वही घातली. काढलेली प्रत्येक वस्तू बाथरूमच्या काट्यावर ठेवून खर्ची टाकली, आत गेलेली जमेला. जुना डबडा टीव्ही त्याच्या स्टँडसकट ३१ पौंड, गालिचा १९, खिडक्यांवरच्या कापड गुंडाळलेल्या लाकडी पेट्या १४, पत्र्याचे पडदे ६. गेलं ७० पौंड. आलं ५८. शेवटी एकदा ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या मोठ्या काट्यावर गाडी चढवून खात्री केली, थोडे पैसे लागतात पण झोप लागते.

आता रंग

रंगकामात तीन चतुर्थांश वेळ रंग न लावण्यात जातो. आधी भिंत धुवा. आमच्या स्टोव्हच्या वर कित्येक वर्षांच्या बेकनचा चिकट थर होता. साबणाने तो फक्त पसरला. चरबी काढणारं क्लीनर दोनदा, मग साध्या पाण्याचा पिळलेला फडका दोनदा. पाणी ओतायचं नाही, खाली सांध्यात शिरतं.

मग २२० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने, फक्त चमक मरेपर्यंत. नव्या भिंतीसारखं घासलं तर विनाइलचा थर फाटतो आणि खालून कागदाचे केस उभे राहतात. माझ्याकडून एका जागी झालं. ते केस ब्लेडने कापून त्यावर लाकडाची लांबी लावावी लागली.

बदकांची पट्टी हेअर ड्रायरने गरम करून प्लॅस्टिकच्या खरवडणीने निघाली, वीतभर गरम करायचं, वीतभर ओढायचं. वाफेचं यंत्र वापरू नका, पातळ प्लायवुड फुगतं. काही कॅम्परमध्ये ही पट्टी चिकटवलेली नसून भिंतीवरच छापलेली असते. ती निघत नाही, तिच्यावर प्रायमर मारूनच सुटका.

आता प्रायमर. इथे पैसे वाचवू नका. साधा भिंतीचा प्रायमर विनाइलला धरत नाही. महिन्याभरात नख लागलं की सालपट निघतं. चिकटणारा, म्हणजे डब्यावर बाँडिंग लिहिलेला प्रायमर हवा, नाहीतर लाखेचा. मी लाखेचा वापरला, कारण तो जुने डाग आणि वास दोन्ही अडवतो आणि तासाभरात वाळतो. पण तो अल्कोहोलवर असतो, फार उग्र. सगळ्या खिडक्या उघड्या, छतावरचा झरोका उघडा, वाफांसाठी असतो तो डब्यांचा मास्क, आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी अजिबात नको. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची आणि हीटरची ज्योत बंद आहे ना ते पुन्हा बघा. आधी कपाटाच्या आत हातभर जागेवर लावा, एक दिवस जाऊ द्या, नखाने खरवडा, चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. रंग टेपवर आला तर प्रायमर बदला किंवा भिंत परत घासा.

रंगाचे पातळ दोन हात, चार इंची फोमच्या रोलरने. ब्रश फक्त कोपऱ्यात. हवा किमान ५० अंश फॅरनहाइट हवी, म्हणजे १० सेल्सिअस, आणि रात्रीसुद्धा. मिशिगनमध्ये याचा अर्थ मेअखेरीच्या आधी डबा उघडायचा नाही. रंग हाताला वाळलेला लागला तरी पुरता पिकायला तीन-चार आठवडे जातात. तोवर कपाटांची दारं घट्ट लावू नका. मी एक लावलं, ते उघडताना चौकटीचा रंग बरोबर घेऊन आलं.

दारं रंगवायची तर उतरवूनच रंगवा. प्रत्येक दारामागे आणि त्याच्या चौकटीत तोच नंबर मास्किंग टेपवर लिहा. बिजागऱ्या आणि स्क्रू मी इडलीपात्रात ठेवले, एका खळग्यात एका दाराचे. नवऱ्याच्या झिपच्या पिशव्यांपेक्षा ही पद्धत सरस, फक्त इडलीपात्र जुनं घ्या.

कुठला रंग? इथे सगळे सांगतात, पांढरा, जागा मोठी दिसते. त्या सल्ला देणाऱ्यांच्या घरी फोडणी होत नसावी. आमच्या कॅम्परमध्ये स्टोव्हपासून पलंग सहा फुटांवर आहे. हळदीचा शिंतोडा जिथे कुठे उडेल तिथे तो राहणार. मी भिंतींना ताकाचा रंग दिला, पांढऱ्यापेक्षा एक पायरी पिवळसर, आणि कपाटांना गडद शेवाळी. सॅटिनची झळाळी घेतली, कारण अगदी मॅट रंग पुसताना डाग पसरवतो. तरी हळद लागलीच तर फार घासू नका, रंग जातो. ओल्या फडक्याने टिपा आणि पडदा उघडा ठेवा, उन्हाने हळद आपोआप उडते. लोणच्याच्या तेलाला मात्र ऊन लागू पडत नाही.

स्टोव्हमागे चिकटवायच्या टाइल्स मिळतात, दिसतात छान. त्यातल्या बहुतेक विनाइलच्या. आचेजवळ विनाइल मला नको. मी पातळ स्टेनलेस स्टीलचा पत्रा कापून घेतला, कडा वळवून, छोट्या स्क्रूंनी लावला. आपल्या ताटांसारखाच तो पुसला की लख्ख.

त्या तीन रोलांचं काय? कपड्यांच्या कपाटाच्या एका दारावर, आतून, लेकीच्या समाधानासाठी एक पट्टा लावला. पहिल्या हिवाळ्यानंतर तो कडेने आखडला आणि सांध्याला दोन मिलिमीटर फट पडली. खरबरीत विनाइलवर तर तो आणखी लवकर सुटतो. ज्यांचा कॅम्पर गरम गॅरेजमध्ये राहतो त्यांनी जरूर लावावा.

भिंतीवर आणि भिंतीलगत

काहीही टांगताना स्क्रूची लांबी बघा. आख्खी भिंत दोन इंचांच्या आसपास, तिच्यापलीकडे पत्रा. नवऱ्याने टॉवेलची दांडी लावताना घरातल्या डब्यातला अडीच इंची स्क्रू घेतला. आतून दांडी झकास बसली. बाहेर पत्र्यातून चकचकीत टोक डोकावत होतं. ज्या भिंतीतून आम्ही महिनाभर पाणी काढलं तिलाच नवं भोक. अर्धा इंची स्क्रू बास, आणि वजनदार काही असेल तर तो लाकडी पट्टीतच गेला पाहिजे. चिकटवायचे हुक जुलैच्या उन्हात सुटतात. काचेची फ्रेम नको, आरसा लागलाच तर ॲक्रिलिकचा.

वारलीची स्टिकरं मी लावली नाहीत. भारतातून आलेलं घर आहे हे सांगायला प्रत्येक वेळी तीच नाचणारी माणसं कशाला? मला खण हवा होता. गुळेदगुड्डहून आलेले, आईने वर्षानुवर्षं ओटी भरायला जपून ठेवलेले खण माझ्याकडे होते. पण खणाचा पन्हा लहान, आणि बसायच्या गादीवर ते कापड वर्षभरही टिकणार नाही. रात्री टेबल खाली करून त्याच गाद्यांचा पलंग होतो, रोजची ओढाताण. म्हणून गाद्यांना जाड कॅनव्हास शिवला, मागून पूर्ण लांबीची चेन, म्हणजे काढून धुता येतो. खणाचे फक्त लोडांचे दर्शनी भाग केले, मागे सुती अस्तर. गादीचा फोम दबून पापड झाला असेल तर शिवणकामाच्या आधी तोच बदला. कापताना सुरीपेक्षा विजेची पावाची सुरी चांगली चालते.

पडद्यांना आजेसासूबाईंच्या नऊवारीचं सूत वापरलं. मागे उजेड अडवणारं अस्तर लावलं, कारण कॅम्पग्राउंडवर शेजाऱ्याचा दिवा थेट उशीवर येतो, आणि जूनमध्ये मिशिगनच्या उत्तरेला साडेनऊपर्यंत उजेड असतो. पडदे वरून आणि खालून, दोन्हीकडे दांडीत अडकवा, नाहीतर प्रवासात ते झोके घेतात. स्टोव्हजवळच्या खिडकीला पडदा लावूच नका. नऊवारीच्या उरलेल्या तुकड्यांची गोधडी झाली, ती पलंगावर.

दिवे बदलायला दहा मिनिटं लागतात. जुने बल्ब काढून त्याच खोबणीचे बारा व्होल्टचे एलईडी घाला, पिवळसर उजेडाचे, २७०० ते ३००० केल्विन. बॅटरी कितीतरी जास्त चालते. फरशीचं मी फार सांगणार नाही, गालिचा काढला, पातळ विनाइल अंथरलं, संपलं.

सजावट करताना एक गोष्ट झाकू नका. जमिनीलगत, बहुधा पलंगाच्या किंवा कपाटाच्या पायथ्याशी, प्रोपेन गळतीचा सूचक असतो. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली लावलेला असतो. माझ्या गोधडीचा कोपरा नेमका त्याच्यावर येत होता. आणि तो कायमचा नसतो, पाच ते सात वर्षांनी बदलावा लागतो. आमच्या सूचकावर २००४ ची तारीख होती. हीटरच्या जाळ्यांपुढेही उशा ठेवू नका.

सगळं झाल्यावर काही टांगण्याआधी एक फेरी मारा. मिशिगनचे खड्डे त्यासाठी उत्तम. आम्ही वीस मैल फिरून आलो. परतल्यावर एक दार उघडं, दोन स्क्रू जमिनीवर, आणि पलंगाकडच्या सांध्याची पट्टी कडेने अर्धा इंच सुटलेली. पट्टीला दोन पिना वाढवल्या, दाराला घट्ट खटका लावला. पुढच्या शनिवारी मिशिगन सरोवराकाठच्या लडिंग्टनला गेलो तेव्हा फक्त चहाचा डबा पडला, आणि तो मी बंदच केला नव्हता.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, गोठला की फाटतो. मी जॅमच्या छोट्या बरणीत भरून घेतला. हिवाळ्यात ती बेसमेंटमध्ये असते, उन्हाळ्यात एका ब्रशबरोबर चमच्यांच्या खणात. सिंकखालच्या दाराच्या आत पेन्सिलीने रंगाचा नंबर, कोपऱ्यातल्या दिव्याचं सील बदलल्याची तारीख आणि लाकडी पट्ट्या कुठे कुठे आहेत त्याची मापं लिहून ठेवली आहेत. दर एप्रिलमध्ये बर्फ वितळला की आधी ते दार उघडते, मग खिडकीखाली अंगठा लावून बघते.